कुसुमची भूक

ये गं कुसे, अशी दाराशी उभी राहू नको. जवळ ये, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. आणि आधी ऐकून घे, कारण मी रागावलेय. हे काय वागणं झालं तुझं? मी संध्याकाळी दवाखान्यातून निघाले, सकाळी येते म्हणून सांगून निघाले, आणि तू माझी वाट न पाहता गेलीस. आईला उठवलं नाहीस, बापाला हाक मारली नाहीस. बावीस वर्षांत एकदाच मला न विचारता काही केलंस, ते नेमकं हेच करायचं होतं का?

परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले. आष्टीतल्या बायका येऊन बसल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "सुटली बिचारी." मी पण म्हणाले, "व्हय, सुटली." कशातून सुटली, हे कुणी विचारलं नाही. कुणी विचारलं नाही याचं मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून जी लाज वाटली, ती काही केल्या जाईना. म्हणून हे लिहायला बसलेय.

त्या संध्याकाळी मी काय म्हणाले, ते तुला आठवतंय ना? मला तर दुसरं काही आठवतच नाही. तुझ्या छातीत कफ भरलेला, बोलताना धाप लागत होती. तू विचारलंस, "आत्या, उद्या काय आणशील?"

"पेज आणते."

"घट्ट आण. दोन वाट्या आण."

आणि मी तुझ्या कपाळावरून हात फिरवत, हसत म्हणाले, "हावरी कुठली."

मायेनं म्हणाले गं. पण शब्द तोच. माझ्या तोंडून तुझ्या कानात गेलेला शेवटचा शब्द तोच. डॉक्टरणीनं दोन वर्षांपूर्वी मला बजावून सांगितलं होतं की बाकी काही करा, पण या मुलीला हावरी म्हणू नका. मी मान डोलावून आल्ते.

तुझ्याकडून मला अक्षरं मिळाली, ती आता या कामाला लावतेय. नवरा गेल्यावर मी आष्टीला तुझ्या बापाकडं, माझ्या धाकट्या भावाकडं आले, तेव्हा मला सही पण येत नव्हती. किराण्याच्या पुड्यांवरचे कागद जोडून जोडून वाचायला शिकले. पण लिहायला लागले ते तू सातवीत शाळा सोडून घरी बसलीस तेव्हा. पोरं तुला पोतं म्हणायची, बाकावर बसलीस की खिदळायची. तू एक दिवस दप्तर खुंटीला टांगलंस ते टांगलंस. मंग दुपारच्याला तुझीच पुस्तकं उघडून मी बसायची, आणि तू खाटेवरून हसायचीस.

"आत्या, तू 'क्ष' काढून राह्यलीस का वांगं?"

"वांगं काढलं तर तू खाऊन टाकशील."

आपण दोघी हसलो होतो. मला वाटायचं, आपण दोघी हसतोय. आता त्या हसण्यात तुझं हसू कुठलं आणि माझं कुठलं, ते वेगळं काढून बघतेय.

तू जन्मलीस ते जालना जिल्हा वेगळा झाला त्या साली. जन्मलीस तेव्हा चारचौघींसारखीच होतीस, ना जास्त ना कमी. तुझ्या कानात नाव मी सांगितलं, तो आत्याचा मान. पण चार महिन्यांत तुझी मनगटं दिसेनाशी झाली. अंगावर पीत होतीस ती सोडायचीच नाहीस. तुझी आई शांता रडकुंडीला यायची. मी तिला म्हणायची, "नशीब समज. आपला बंडू दोन वर्षांचा होऊन गेला. ही जगणारी हाय, म्हणून पिते."

बंडू तुझ्या आधीचा. तोही असाच गुबगुबीत, असाच सदा भुकेजलेला. तापानं गेला. मी म्हणाले दृष्ट लागली, आणि घरात सगळ्यांनी ते मानलं. दोन लेकरं एका घरात एकासारखी, तरी एकाची गोष्ट दुसऱ्याला जोडून बघावी असं मला सुचलं नाही.

दहा महिन्यांची होतीस तेव्हा गावात गुटगुटीत बाळांची स्पर्धा भरली. तुला न्हाऊ-माखू घालून, काजळाची तीट लावून मीच घेऊन गेले. शांता नको म्हणत होती. तुझा पहिला नंबर आला. स्टीलची ताटली मिळाली. मी ती ताटली घेऊन सरळ घरी आले नाही. बाजारातून, देवळावरून, आणखी दोन गल्ल्यांतून फिरून आले. कुणी विचारलं की सांगायची, "आमची कुसुम. माझ्या मांडीवर वाढली." तुझी चरबी तेव्हा माझी शोभा होती. पुढं तीच चरबी माझी बेअब्रू झाली. त्या चरबीत फरक काही पडला नव्हता, कुसे. तू फक्त मोठी झाली होतीस.

तीन वर्षांची असताना तू म्हशीसमोरच्या घमेल्यातली भिजवलेली सरकी-पेंड खाताना सापडलीस. दोन्ही मुठी भरून. तुझ्या बापानं तुला उचललं आणि तो तिथंच गोठ्यात बसून राहिला. मी मात्र तुझ्या हातावर चापट मारली. दोन भाकरी खाऊन उठलेली पोर पेंड खाते, तर ही भूक नव्हे, ही खोड, असं माझं गणित. त्या दिवसापासून स्वैपाकघराला कुलूप लागलं. किल्ली माझ्या कमरेला.

शेजारच्या हलीमाबी तेव्हा एकट्या वेगळं बोलायच्या. तू भिंतीजवळ जाऊन उभी राहिलीस की त्या रोटीचा तुकडा वरून द्यायच्या. मी भांडायला गेले.

"तुमच्या लाडानं फुगून राह्यली पोरगी."

त्या शांतपणे म्हणाल्या, "आपा, बच्ची झूट नै बोल री. उसकू सच्ची भूक लगती."

"दोन भाकरी खाल्ल्यावर?"

"दस खाए तो बी. आँखाँ देखो ना उसके."

मी तुझे डोळे नाही बघितले. भिंतीवर तुझ्या बापाकडून काटेरी फांद्या टाकून घेतल्या, आणि हलीमाबीशी बोलणं तोडलं. एक अनपढ बाई नुसत्या डोळ्यांकडं बघून जे सांगत होती, ते ऐकायला मला पुढं औरंगाबादची डॉक्टरीण लागली.

आता ते लिहिते, जे तेराव्याला आलेल्या बायकांना माहीत नव्हतं. तुला, शांताला आणि मलाच माहीत आहे.

तू अकरा वर्षांची होतीस. महालक्ष्म्या बसल्या होत्या. पूजेला शांता, राबायला मी. देवींच्या डोक्यावर करंज्या, साटोऱ्या, पापड्यांचा फुलोरा टांगलेला. नैवेद्य व्हायचा होता, सवाशिणी आलेल्या. मी आत येऊन बघते तर फुलोऱ्यातल्या तीन करंज्या नाहीत, आणि तू कोपऱ्यात तोंड मिटून बसलेली. मी तुला दंडाला धरून सगळ्या बायकांसमोर आणलं.

"तोंड उघड."

उघडलंस.

"देवीसमोर सांग. भूक लागली व्हती का हाव सुटली व्हती?"

तू म्हणालीस, "भूक."

"सकाळी मी सोता वाढलंय तुला. देवीसमोर खोटं? पुन्हा सांग."

तू माझ्याकडं बघितलंस, देवीकडं बघितलंस, मंग बायकांकडं. आणि म्हणालीस, "हाव."

एक बाई हसली. मला वाटलं मी जिंकले. खरं बोललेल्या पोरीला मी देवीसमोर खोटं बोलायला लावलं आणि वर खरं बोलायला शिकवलं म्हणून मिरवलं.

पाहुण्या गेल्यावर मी काळा दोरा घेतला, सात गाठी मारल्या आणि तुझ्या कमरेला बांधला. "हा महालक्ष्मीसमोर बांधलाय. पोट दोऱ्याच्या आत ठेवायचं. दोरा तुटला तर देवी कोपल." आमच्या आईनं माझ्या कमरेला लहानपणी करदोडा बांधला होता, तो सैल पडला की ती जास्तीचं दूध द्यायची. मी तीच रीत उलटी करून तुझ्यावर चालवली. दर शनिवारी दोऱ्याखाली बोट घालून बघायची. बोट गेलं तर पूर्ण भाकरी, नाही गेलं तर अर्धी.

आधी बोट जायचं. मंग जाईना. मंग मी बघणंच सोडलं, नुसती अर्धी भाकरी वाढत गेले. दिवाळी झाली, संक्रांत आली. एक दिवस तुझी आई तुला न्हाऊ घालताना ओरडली. दोरा कातडीत गेल्ता. भोवती पिकलं होतं, पाण्याला रक्त. शांतानं कात्रीनं दोरा कापला. तू दात आवळून बसलीस. इतके दिवस तू सांगितलं का नाहीस? सांगितलं असतंस तर मी काय म्हणाले असते, ते तुला ठाऊक होतं म्हणून.

मी आत आले. कात्री बघितली. आणि पहिलं काय बोलले? "तोडला कुणी?"

शांता माझ्या मामाची लेक. लहानपणापासून मला आक्का म्हणते, वर मान करून बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "आक्का, बाहेर जा." मी गेले. त्यावर आपण तिघी पुन्हा कधीच बोललो नाही. तुझ्या कमरेभोवती तो वळ शेवटपर्यंत राहिला. तू गेलीस त्या दिवशी तुला शेवटची आंघोळ घालताना बायकांनी विचारलं, हे काय? मी म्हणाले, परकराची नाडी काचली असेल. बघ, अजून खोटं बोलतेय.

तू वीस वर्षांची झालीस तरी शहाणी झाली नाहीस, पाळीच आली नाही, म्हणून आपण औरंगाबादला गेलो. भुकेसाठी नाही गेलो. भुकेला आम्ही आजार म्हणतच नव्हतो. डॉक्टरीण तरुण होती, तुझ्या पाठीवरून हात फिरवत बोलत होती. तिनं तुला विचारलं, "जेवल्यावर भूक जाते का गं?"

तू माझ्याकडं बघितलंस. वीस वर्षांची बाई, स्वतःच्या पोटाचं उत्तर द्यायला माझी परवानगी मागत होतीस.

डॉक्टरीण म्हणाली, "त्यांच्याकडं नको, माझ्याकडं बघ."

"न्हाई जात," तू म्हणालीस. "कधीच न्हाई गेली."

किती हळू बोललीस. आणि ती बाई नुसती "बरं" म्हणाली आणि लिहून घेतलं. तुझं म्हणणं कुणीतरी जसंच्या तसं लिहून घेतलं, ते आयुष्यात पहिल्यांदा.

मंग तिनं तुझ्या बापाला विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले का?" तो काही बोलायच्या आत मीच ताठ होऊन सांगितलं, "व्हय, मामाची लेक केली. मी जमवलं लग्न. आमच्यात करतात." कशासाठी विचारतेय हे कळायच्या आत मी मोठेपणा घेऊन मोकळी.

तुझं रक्त मुंबईला गेलं, तिथून आणखी पुढं गेलं. कितीतरी महिन्यांनी बोलावणं आलं. तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी घरी येऊन माझ्या भाषेत मनात लावून ठेवलं. शेताला पाणी देताना एकजण विहिरीवर मोटारीपाशी असतो आणि एकजण दूर वाफ्यात. वाफा भरला की तो ओरडतो, "भरलं, बंद कर!" तेव्हा मोटार थांबते. अंगातली चरबी म्हणजे नुसता तेलाचा साठा नाही, ती तो वाफ्यातला माणूस आहे. ती एक रस करते, तो रक्तातून डोक्यात जातो आणि सांगतो, भरलं, बस्स. तुझी चरबी ओरडतच नव्हती, कुसे. तिच्याकडं तो रस नव्हताच. डोक्याला वाटायचं, वाफा कोरडा ठाक आहे, ही पोर उपाशी मरतेय. म्हणून मोटार रात्रंदिन चालू. इतकी चरबी अंगावर घेऊन तू जन्मभर उपाशी होतीस.

रसाचं नाव लेप्टिन. तू ते एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलंस.

डॉक्टरीण म्हणाली, "हा रस कसा करायचा ते सांगणाऱ्या सूचनेची एक नक्कल आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं. म्हणून आई-वडील दोघंही बारीक. हिला दोन्ही बिघडलेल्या आल्या. नात्यात लग्न झालं की असं जुळून यायची शक्यता वाढते."

शांतानं विचारलं, "आमचा बंडू?"

"आता नक्की सांगता येणार नाही. पण असू शकतं. अशा मुलांना संसर्गही लवकर होतात." मंग माझा चेहरा बघून ती म्हणाली, "आजी, लग्न जमवणाऱ्याला हे कळणं शक्य नव्हतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तेवढं मी पटकन पदरात घेतलं. मला न मागता माफी मिळाली.

तिनं औषधाचं पण सांगितलं. परदेशात अशा मुलांना तो रस टोचून देतात, आणि थोड्याच दिवसांत मुलं ताटात जेवण ठेवून उठायला लागतात. इकडं ते मिळत नाही, पण ती पत्र लिहिणार होती. तू एकदम हसलीस.

"ताटात ठिवून उठायचं? मंग तर आत्या मला मारंल. तिला ताटात टाकलेलं चालत न्हाई."

सगळे हसले. डॉक्टरीण पण हसली. मंग तिनं मला बजावलं. "तोवर जेवण मापातच द्या, ते बरोबर आहे. पण हावरी म्हणू नका. तिची भूक खरी आहे."

त्यानंतर स्टँडवर बापानं तुला बाकावर बसवलं, शांता पाणी आणायला गेली. तू आणि मी. तू तिकीट घडी करत, उलगडत बसली होतीस. म्हणालीस, "आत्या, मंग माझी चूक न्हवती ना?"

मी म्हणाले, "चूक कुणाचीच न्हाई गं. देवाची करणी."

"मी देवाचं न्हाई इचारून राह्यले. माझं इचारून राह्यले."

"हो, हो. चल, ऊठ. गाडी लागली."

गाडी लागली नव्हती. अर्धा तास आपण तिथंच उभ्या होतो. तू परत विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही, पुढच्या दोन वर्षांत नाही. मी जेवण मापात दिलं, गोड बोलून दिलं, कुलूप पण काढलं. पण ते एक वाक्य दिलं नाही. का, तर तुझी चूक नव्हती म्हटलं की मंग चूक कुणाची, हा सवाल पुढं उभा राहतो. फुलोऱ्यासमोर कोण उभं होतं, दोरा कुणी बांधला. लग्नाचं मला कळणं शक्य नव्हतं, पण दोऱ्याखाली बोट जात नव्हतं हे तर मला कळत होतं ना? त्याला कुठली डॉक्टरीण लागते?

परदेशातून पत्राचं उत्तर आलंच नाही. तुझ्या छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं.

तिसऱ्या दिवशी हलीमाबी आल्या. इतक्या वर्षांनी घरात पाऊल ठेवलं. माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "मेरेकू बोलती थी, आत्याकू कुछ नक्को बोलो. उसकू मालूम नै था."

म्हणजे तू भिंतीपलीकडं माझी बाजू घेत होतीस, आणि मी भिंतीअलीकडं गप होते. मला रडू यायला पाहिजे होतं. ते नाही आलं. अंगावरचं कापड कुणी ओढावं तसं झालं. तू मला जी माफी दिलीस ती माहीत नव्हतं तेव्हाची. माहीत झाल्यावरच्या दोन वर्षांची कोण देणार?

तर आता लिहिते. अक्षर बघून हसू नको.

तुझी चूक नव्हती, कुसे. बिलकुल नव्हती. देवीसमोर तू आधी जे म्हणालीस ते खरं होतं, आणि नंतरचं जे मी बोलवून घेतलं ते खोटं होतं. खोटी मी.

झालं लिहून. पण कागदाला कान नसतात. तू विचारलंस तोंडानं, तर मला सांगायला पण तोंडानंच पाहिजे, तुझ्याकडं बघून. शांताला म्हणाले, मी हे कुणापाशी बोलू? ती म्हणाली, "तिच्यापाशीच बोला, आक्का. माझ्यापाशी नको."

म्हणून म्हणते, ये. दुपारी मी एकटीच असते, तेव्हा ये. सपनात येणार असशील तर तसं ये, पण आल्याबरोबर दुसरं काही काढू नको, मी लगेच बोलायला लागेन, मला अडवू नको. पाय दुखत असतील तर सावकाश ये, पण फार दिवस लावू नको माय, माझं वय झालंय आणि मला पुन्हा धीर होईल का नाही सांगता येत नाही. ये जल्दी.